बकरीला पाच ठोके

दारातून आत जाताना ती वाकायची. दार कुठलंही असो. सेमारांग शहरातल्या कॉलेजचं दार हत्ती जाईल एवढं उंच. तिथंही वाकायची.

चपला काढल्या की खाली ठेवायची नाही. कपाटावर, खिडकीत, झाडाच्या बेचक्यात, उंच जागा मिळेल तिथं.

चहा आधी जिभेच्या टोकानं चाखायची. खारट नाही ना, बघायची. मग साखर.

'कशी आहेस' असं विचारायची नाही. 'पाणी कुठवर आलंय?' असं विचारायची. फोनवरही.

तळलेल्या तेंपेबरोबर, म्हणजे सोयाबीनच्या वडीबरोबर, हिरवी मिरची अख्खी तोंडात टाकायची आणि डोळ्यांत पाणी येऊ द्यायची नाही.

भांडायच्या आधी हसायची. ती हसली की समोरच्यानं सावध व्हावं.

लाकूड दिसलं की बोटाच्या पेरानं ठोकून बघायची. बाक, दार, फळा, होडी. मान तिरकी करून ऐकायची. शेवटच्या वर्षात ही सवय फार वाढली होती.

रोफियाबद्दल मला एवढं पक्कं माहीत आहे. लोक जे सांगतात ते ऐकलं की वाटतं, हे दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताहेत. लोक म्हणतात, ती पुरात गेली. ती पुरात गेली नाही. म्हणून लिहायला बसले.

आमची वाडी मोरोसेपी. मी आणि रोफिया इथंच वाढलो. समुद्र तेव्हा लांब होता, बघायला जावं लागायचं. मग तो यायला लागला. आधी मासळीची तळी गेली, मग भातखाचरं, मग कबरस्तान, मग रस्ता. घरात पाणी शिरतं म्हणून दर दोन-तीन वर्षांनी माती टाकून जमीन उंच करायची. छप्पर आहे तिथंच राहतं. जमीन वर येत जाते, दारं बुटकी होत जातात आणि माणसं वाकत जातात. रोफियाचं वाकणं असं आलं. माझंही आलं असतं, पण मी साहित्य शिकायला शहरात गेले आणि पाठ सरळ झाली. आता तिथंच एका शाळेत शिकवते. आठवड्याच्या सुट्टीला घरी येते.

तळी बुडाली तेव्हा पुरुष चौकीत बसून विड्या ओढू लागले आणि बायका हमरस्त्यावरच्या शिवणकारखान्यात जाऊ लागल्या. रोफिया कॉलर शिवायची. दिवसभर कॉलर. "शर्टाचं बाकीचं अंग मी बघितलेलंच नाही," म्हणायची. रविवारी ती कॉलेजात जायची. आमच्याकडे नोकरी करणाऱ्यांसाठी असे वर्ग असतात. समाजविकास हा तिचा विषय. मी म्हणायचे, "समाजविकास म्हणजे नेमकं काय गं?" ती म्हणायची, "अजून तिथवर आलो नाही. सध्या व्याख्या चाललीय."

हमरस्ता आणि वाडी यांच्यामध्ये आता बांबूचा साकव आहे. लांब, अरुंद, दोन्हीकडे तिवरं आणि बुडालेल्या घरांच्या भिंती. वर्षातले बरेच महिने भरती दिवेलागणीलाच चढते, आणि कारखान्याची पाळीही तेव्हाच सुटते. साकव गुडघाभर पाण्याखाली जातो. मग कार्यादीची होडी.

लोक त्याला 'तो' म्हणतात. 'होडीवाला' म्हणतात. मी नाव लिहिते. कार्यादी. वाडीचे प्रमुख पाक साब्दोनो, त्यांचा मेव्हणा. पाक म्हणजे काका, बाबा. बायकांना होडीत चढवताना त्याचे हात कुठं जातात हे वाडीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. प्रत्येक पुरुषालाही ठाऊक होतं. पुरुष म्हणायचे, "होडी हलते. माणूस आधार देणारच." आया लेकींना सांगायच्या, "मधल्या फळीवर बस. पिशवी मांडीवर धर." झाली महिला सुरक्षा.

रोफियानं होडी सोडली. एक दिवस ती साकवावर पाण्यात उतरली आणि मागच्या बाईला म्हणाली, "माझ्या पिशवीचा बंद धर." तिच्या मागं तिसरीनं धरला. मग रोज तसंच. गुडघाभर पाण्यात, एकमेकींच्या पिशव्यांचे बंद धरून, पायानं बांबू चाचपत बायका घरी यायच्या. होडी रिकामी जाऊ लागली.

कार्यादी होडीतून ओरडायचा, "ए कॉलेजवाली, पाय सडतील तुझे!"

"सडू देत. माझेच आहेत ना?"

"एखाद दिवशी पडशील."

"पडले तर तुझ्याच होडीवर पडेन. बुडेल तरी."

बायका हसायच्या. तो हसायचा नाही.

मग विद्यार्थी आले.

आमच्याकडे पदवी मिळण्याआधी गावात राहून काम करावं लागतं. रोफियाच्या कॉलेजनं त्या वर्षी मोरोसेपी निवडलं. कारण मोरोसेपी फोटोत चांगलं दिसतं. रोफियाचंही ते वर्ष शेवटचं, म्हणून तीही त्याच गटात. शहरातली आठ-दहा मुलंमुली आणि ही. सगळ्यांना कॉलेजची हिरवी जाकिटं. ही आपल्याच घरातून जाकीट घालून निघायची आणि आपल्याच वाडीत समाजसेवेला जायची.

गटाचा पुढारी राधित्या. मुलगा वाईट नव्हता. बोलायला गोड, वडीलधाऱ्यांसमोर वाकून चालणारा. त्यानं पहिल्याच दिवशी मशिदीच्या ओसरीत पडदा लावून तीन वर्तुळं दाखवली. एक जागतिक विकास, एक महिला सुरक्षा, एक हवामान स्थलांतर. तिन्ही एकमेकांत अडकलेली.

रोफियानं हात वर केला. "मी कुठल्या वर्तुळात?"

"म्बाक, तुम्ही मधोमध. तिन्हींच्या मध्ये."

"तरीच. पाणी मधेच साचतं."

म्बाक म्हणजे ताई. तो तिला फार आदरानं म्बाक म्हणायचा. फोटो काढताना म्हणायचा, "म्बाक, तेवढं जाकीट काढून उभ्या राहाल का? लाभार्थी कमी पडताहेत." जाकीट घातलं की ती विद्यार्थिनी. काढलं की पीडित महिला. दिवसातून चार वेळा ती घालायची-काढायची. मला म्हणाली, "आरुम, स्थलांतर स्थलांतर म्हणतात ते हेच असावं."

त्यांनी फोनमध्ये संकटाचं बटण तयार केलं. दाबलं की पाच नातेवाइकांना निरोप जातो. साकवावर फोनला रेंज नाही, आणि फोन तर प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी ब्लाउजात. त्यांनी शिट्ट्या वाटल्या. त्या पोरांनी फुटबॉलला नेल्या.

मग त्यांना चौकीतलं केंतोंगान दिसलं आणि ते खूश झाले.

वाडीच्या तोंडाशी, साकव संपतो तिथं पहाऱ्याची चौकी आहे. तिथं ते टांगलेलं असतं. फणसाचं जाड लाकूड, आतून पोकळ, पोटावर उभी फट. दांडक्यानं ठोकलं की आवाज समुद्रापर्यंत जातो. रात्रीच्या पहाऱ्याला पुरुष बसतात, तेच वाजवतात. बाईनं वाजवू नये असा नियम नाही. वाजवत नाहीत, एवढंच. ठोक्यांचा हिशोब सगळ्यांना आईच्या पोटातून माहीत. एकेक सुटा ठोका, कुणी गेलं. दोन-दोन, चोर. तीन-तीन, आग. चार-चार, पाणी. पाच-पाच, जनावर चोरीला गेलं.

विद्यार्थ्यांनी त्याला 'स्थानिक शहाणपण' म्हटलं. ठोक्यांचा नवा फलक रंगवायला घेतला. रोफिया राधित्याला म्हणाली, "पाचाखाली एक ओळ मोकळी ठेव."

"का, म्बाक?"

"सभा होऊ दे. मग सांगते."

सभा चौकीसमोर झाली. पुरुष चटईवर, बायका मागं ओट्यावर. मी त्या दिवशी घरी होते, रोफियाच्या आईशेजारी बसले होते. बू तास्री त्यांचं नाव. बू म्हणजे आई, काकू, काहीही. त्या केळ्याची भजी वाटत होत्या.

रोफिया उठली. हसली. मी मनात म्हटलं, झालं.

"पाक साब्दोनो," ती म्हणाली, "माणूस मेला तर एक. चोर आला तर दोन. आग लागली तर तीन. पाण्याला चार. बकरी गेली तर पाच. बाईला किती?"

 चटईच्या मागच्या टोकाकडून एकजण म्हणाला, "बाई चोरीला गेली तर दोन वाजव की!"

हशा झाला.

"दोन वाजवले तर तुम्ही मोटारसायकली मोजायला पळाल," रोफिया म्हणाली. आता ओट्यावर हशा झाला. "मला सहा हवेत. साकवावर एखादीला कुणी अडवलं तर सहा. ऐकलं की ज्यानं-त्यानं हातातलं टाकून साकवाकडं यायचं. बस."

पाक साब्दोनोंनी विडी विझवली. ते ओरडत नाहीत. ते समजावतात. "रोफिया, पोरी, अगं विचार कर. सहा वाजले म्हणजे अख्ख्या वाडीला कळलं की कुणाच्या तरी लेकीला कुणीतरी हात लावला. मग त्या पोरीशी लग्न कोण करणार?"

"पाच वाजले की बकरीशी कोण करतं, पाक?"

भजी खाणारा एकजण ठसकला. पाक साब्दोनोंचा चेहरा जरा उतरला. "बकरीला अब्रू नसते."

"म्हणून तिला ठोके आहेत का?"

कार्यादी चौकीच्या खांबाला टेकून उभा होता. तो म्हणाला, "शहरातली पोरं आली म्हणून एवढी जीभ चालतेय. ती गेली की बघू."

रोफिया त्याच्याकडं वळली. "बघायलाच तर ठोके मागतेय. सगळ्यांनी मिळून बघू."

पाक साब्दोनो म्हणाले, "हे ठोके वाडवडिलांनी ठरवलेत. असे सभेत बदलत नाहीत. ईदनंतर बघू."

ईदनंतर बघू म्हणजे काय, हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही कळतं.

विद्यार्थी जायच्या दिवशी फलक लागला. सुंदर रंगवला होता. लाल, पिवळा, हिरवा. पाच ओळी. सहाव्या मोकळ्या जागी त्यांनी कॉलेजचं बोधचिन्ह काढलं होतं. रोफियानं राधित्याला विचारलं, "हे रे काय?"

"जागा रिकामी दिसत होती, म्बाक."

ती हसली. तो सावध झाला नाही. त्याला ती सवय माहीत नव्हती.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी मी तिच्याकडं गेले तर ती मागच्या बाजूला, पाण्यात अर्ध्या बुडालेल्या ओट्यावर, मांडीत एक ओंडका घेऊन बसली होती. त्यांच्या दारातला फणस. तिच्या वडिलांनी लावलेला, खाऱ्या पाण्यानं उभ्या उभ्या वाळलेला. वडील आधीच गेले. त्यांची कबर तर भरतीला दिसतही नाही.

"मी माझं करते," ती म्हणाली. "साकवाच्या मधोमध टांगते. चौकी त्यांची, साकव आमचा."

"तुला येतं?"

"नाही. पण लाकूड सांगतं. हे बघ, इथं ठोक. आता इथं. आवाज बदलला ना? पोकळ होईल तसा तो खाली उतरतो."

फट आधी पाडायची, मग त्या फटीतून पटाशी घालून आतलं कोरून काढायचं. हात आत जात नाही. अंदाजानं कोरायचं. दिवसभर कॉलर शिवून आलेल्या हातांनी ती कोरायची. तळहाताला फोड आले की कपडा गुंडाळायची.

"आरुम, तू एवढ्या गोष्टी वाचल्यास. त्यात बायका काय वाजवतात?"

"रडतात बहुतेक."

"मग ऐकून कोण येतं?"

"नायक."

"आपल्याकडं पाक साब्दोनो येतील," ती म्हणाली. "दाराशी उभे राहून समजावतील." आणि एवढी हसली की पटाशी पाण्यात पडली. आम्ही दोघींनी चिखलात हात घालून शोधली.

बायका येता-जाता विचारायच्या. "कधी होतंय गं? शिकव ना आम्हाला."

"तयार होऊ दे. पोकळ नसलेल्यावर शिकलं की हात बिघडतो."

नफ्सिया सगळ्यात जास्त मागं लागायची. एकोणिसाव्या वर्षातली, कारखान्यात नवीन, रोफियाच्याच रांगेत बाह्या शिवणारी. तिला साकवाची भीती वाटायची. रोफिया म्हणायची, "तुला पहिला धडा. महिन्याभरात."

ईद झाली. बघू म्हणाले होते ते कुणी बघितलं नाही.

पुढचं मी नफ्सियाकडून ऐकलं आहे. तिनं ते मला तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा सारखंच. पोलिसांना एकदा सांगितलं. त्यांनी ते वेगळं ऐकलं.

त्या दिवशी त्या दोघींना कारखान्यानं उशिरा सोडलं. बाकीच्या पुढं निघून गेल्या होत्या. साकवापाशी आल्या तेव्हा मगरिबची, सूर्यास्ताची बांग होऊन गेली होती, पण आभाळात उजेड होता. पाणी चढत होतं. कार्यादीची होडी मधोमध, साकवाला आडवी लावलेली. तो म्हणाला, "आज दोघीच? बसा."

रोफिया म्हणाली, "बाजूला घे."

तो साकवावर उतरला. आधी नफ्सियाचा हात धरला. रोफियानं पिशवीनं त्याच्या तोंडावर मारलं. पिशवीत जेवणाचा डबा होता. त्याच्या ओठातून रक्त आलं. त्यानं नफ्सियाला सोडलं आणि रोफियाला धरलं. तिनं नफ्सियाला सांगितलं, "पळ. वाजव."

नफ्सिया पळाली. मागं बघितलं तेव्हा दोघं पाण्यात पडत होती. तिथं जुन्या शाळेची भिंत आहे, पाण्याखाली, तुटलेली. सळया बाहेर आलेल्या.

नफ्सिया चौकीत पोचली. चौकीत कुणी नव्हतं. पहारा रात्रीचा असतो, दिवेलागणीचा नाही. तिनं दांडकं उचललं. आयुष्यात कधी उचललं नव्हतं. आणि वाजवलं. चार-चार. चार-चार. चार-चार.

तिला सहा माहीत होते. कुणीच तिला वाजवून दाखवले नव्हते. आमच्या कानांवर आठवड्यातून एकदा तरी चार पडतात. बाळं त्यावर झोपतात. तिच्या हाताला तेवढंच येत होतं.

मोरोसेपीत चार वाजले की काय करायचं, हे मला सांगा असं कुठल्याही घरात म्हणा. गादी वर. तांदूळ वर. मोटारसायकल पाटावर. म्हातारी असेल तर तिला पलंगावर. शेगडीतला गॅस बंद. दुसऱ्या गावात पुराचे ठोके ऐकून माणसं बाहेर पळत असतील. आम्ही आत जातो. इतकी वर्षं आत जातोय. त्या संध्याकाळीही अख्खी वाडी आत गेली आणि गाद्या उचलू लागली. पाणी चढत होतंच. शंका यायचं कारणच नव्हतं.

नफ्सिया वाजवत राहिली. वाजवता वाजवता ओरडत होती. एका खिडकीतून कुणीतरी उलट ओरडलं, "ऐकलं गं ऐकलं! उचलतोय!"

बू तास्रीनंही ऐकले. त्यांनी गादी उचलली, तांदूळ उचलले.

गाद्या उचलून झाल्यावर लोक साकवावर पोचले तेव्हा होडी नव्हती. रोफिया भिंतीपाशी सापडली.

सकाळी मी सेमारांगहून आले. आमचं कबरस्तान बुडालेलं, म्हणून हमरस्त्यापलीकडच्या गावात पुरायचं ठरलं. साकवाशी कार्यादीची होडी लावलेली होती. तो स्वतः त्यात उभा, डोक्यावर काळी टोपी, ओठावर पट्टी. पाक साब्दोनो म्हणाले, "हिच्यातून नेऊ. पाणी फार आहे."

बू तास्रीनं होडीकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "माझी पोरगी चालत यायची. चालतच जाईल."

मांडीभर पाण्यातून जनाजा नेला. मागं बायका. एकमेकींच्या ओढण्या धरून.

पोलीस आले ते दोन दिवसांनी. नफ्सियानं सगळं सांगितलं. पाक साब्दोनो शेजारीच बसले होते. तिचं झालं की ते हळूच म्हणाले, "पोरी, मग चार का वाजवलेस?"

ते पोलिसांकडं वळले.

"साहेब, पोरगी घाबरलीय. पण वाडीत कुणालाही विचारा. सगळ्यांनी चार ऐकले. चार म्हणजे पाणी."

पोलिसांनी विचारलं. घरोघर विचारलं. सगळे म्हणाले, चार ऐकले. कुणी खोटं बोललं नाही. हेच मला गिळता येत नाही. एका माणसानं मारलं आणि अख्ख्या वाडीनं खरं बोलून त्याला सोडवलं. कार्यादीचा ओठ? होडीची दोरी तुटून लागली. सगळ्यांना पटलं. पाण्यानं रस्ता नेला, तळी नेली, कबरी नेल्या. एक बाई नेली तर नवल काय? आमच्याकडं समुद्र सगळं कबूल करतो. त्याला काही विचारायलाच लागत नाही.

मी पाक साब्दोनोंच्या घरी गेले. ओसरीत त्यांचे नातू पतंग करत होते. मी म्हटलं, "चार का वाजवले विचारलंत. तुम्ही तिला पाचच दिले होते म्हणून. त्यात तिच्यासाठी एकही नव्हता म्हणून."

ते म्हणाले, "बस, आरुम. चहा घे."

"तुमच्या घरी पाणी गोड आहे का अजून?"

"तू शिकलेली आहेस. तुला दुःख झालंय. मी समजू शकतो."

ते समजू शकतात. ते नेहमीच समजू शकतात. मी चहा न घेता निघाले आणि वाकायची सवय मोडली होती म्हणून दारात डोकं आपटलं.

सातव्या दिवसाच्या प्रार्थनेला सगळे बू तास्रीच्या घरी जमले होते. पठण चालू असताना चौकीतून पाच-पाच वाजले. कुणाची तरी बकरी दिसत नव्हती. पुरुष उठले. काठ्या, विजेऱ्या, लुंगीसारखे सारोंग वर खोचलेले. निम्मी वाडी साकवावर पळाली. कार्यादी सगळ्यात पुढं. बकरी मशिदीच्या पायऱ्यांवर सापडली, कुणाच्या तरी चपलेचा पट्टा चघळत. लोक हसत परत आले. कुणीतरी म्हणालं, "बघा, एका हाकेत वाडी जमते." बू तास्री भाताच्या पातेल्यापाशी बसल्या होत्या. त्यांच्या हातातला डाव थांबला. मग त्या परत वाढू लागल्या.

नफ्सियाच्या घरच्यांनी पुढच्या महिन्यात वाडी सोडली. घर सोडताना रिवाजाप्रमाणं आधी झाडू, चटई, उशी, दिवा आणि पाण्याचा माठ घेऊन गेले. त्यांच्यामागं आणखी दोन घरं गेली. दोन्ही घरांत वयात आलेल्या मुली. लोक म्हणाले, समुद्रानं हाकललं. घरांत तर तेव्हा पाणीही नव्हतं. उन्हाळा होता.

राधित्या अंत्यविधीला आला होता. रडला. खरं रडला, मी बघितलं. नंतर कुठल्या तरी मोठ्या परिषदेत त्याच्या गटाला बोलायला मिळालं. जगभरचे विद्यार्थी. त्यानं मला त्याची चित्रफीत पाठवली. तीच तीन वर्तुळं. मधोमध रोफियाचा फोटो, जाकीट काढलेला. खाली लिहिलेलं, 'हवामान बदलाची बळी'.

मी फोन केला. "तिला पाण्यानं मारलं नाही. तुला माहीत आहे."

"माहीत आहे, म्बाक. पण आमचा विषय..." तो थांबला. "गुन्ह्याचं म्हटलं की पोलिसांचा कागद मागतात. कागदात पूर आहे."

"मग कागद खोटा आहे असं सांग."

"परिषदेत तसं नाही सांगता येत."

"ती आपल्या वाडीच्या सभेत सांगत होती. केळ्याची भजी खाणाऱ्यांसमोर. परिषद त्याहून अवघड आहे का?"

 तो म्हणाला, "आम्ही तिच्या नावानं फोनमधलं केंतोंगान तयार करतोय. सहा वेळा बोट टेकवलं की..."

मी फोन ठेवला.

फलक अजून चौकीत आहे. पाच ओळी आणि बोधचिन्ह. कार्यादीची होडी चालते. साकवाला मध्ये दोन बांबू तुटलेत, म्हणून काहीजणी परत होडीत बसू लागल्या आहेत. मधल्या फळीवर. पिशवी मांडीवर.

गेल्या रविवारी मी बू तास्रीकडं बसले होते. दुपारीच चार-चार वाजले. खरंच पाणी होतं, उंबऱ्याशी आलेलं. मी गादीला हात घातला. त्या गादीकडं गेल्या नाहीत. पलंगाखालून तो ओंडका ओढला, दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि टाचा उंचावून कपाटावर ठेवला. मग तांदूळ. मग गादी.

"त्या दिवशीही आधी हेच उचललं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, घरी आली की विचारेल. भिजलं तर आवाज जातो म्हणायची."

मी स्टुलावर चढून बघितलं. फट वितीएवढी झालेली. खाली कोळशानं रेघ मारलेली आहे, तिथवर न्यायची होती. पटाशी आत रुतलेली, मुठीला कपडा गुंडाळलेला. वरचा भाग पोकळ. खालचा भरीव.

मी पेरानं ठोकून बघितलं. वर आवाज येतो. रेघेपाशी येत नाही.